आज तालुक्याला खो-खो

आज पोरींना घेऊन दापोलीला गेलेलो, तालुक्याच्या शालेय खो-खोला. आमचं हायस्कूल एवढंसं, त्यामुळे खो-खोला ज्या पोरी त्याच कबड्डीला आणि त्याच रिलेला, आणि भात लावणीच्या दिवसांत घरच्या शेतात पण त्याच. पावसात आमच्या जांभ्याच्या ग्राउंडवर शेवाळ धरतं म्हणून प्रॅक्टिस शाळेच्या पडवीत, तिथे पळायला कुठे मिळतंय, नुसतं बसल्या जागेवरून खो मिळाला की झटकन उठायचं हेच घोटून घेतलं. आणि आज तेच कामाला आलं!

सेमीफायनलला आठवीतली आमची सगळ्यात बारकी पोरगी पळतीला होती, तिच्या तुकडीतल्या बाकी दोघी आउट झालेल्या, ही एकटी. पाठलाग करणारी अंगावर आली की हुलकावणी देऊन बसलेल्या दोघींच्या मधून पलीकडे, अनवाणी, गुडघा फुटलेला तरी थांबायला तयार नाही. पाठलाग करणारीला मध्येच दिशा बदलता येत नाही हे तिने बरोबर हेरलेलं. एका गुणाने हरलो पण काय खेळली पोरगी!!

२०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप प्रियांका इंगळेच्या कॅप्टनशिपखाली आपल्या मुलींनी जिंकला, तेव्हापासून आमच्या पोरींना दुसरं काही सुचत नाही आणि मला त्याचा फार आनंद आहे.

आता पोल डाइव्ह, म्हणजे खांबाला धरून झेप घेत पळणारीला बाद करणं, शिकवायचीय. आमचे खांब कुजलेत, जमिनीवर चार फूट राहतील असे दोन गुळगुळीत लाकडी खांब कोण करून देईल का? इनबॉक्स करा.