तुम्ही विचारलंत म्हणून: फाइली हाताने चढवल्या तर काय बिघडतं?

वाचनालये, शिक्षणसंस्था, गिर्यारोहण मंडळे अशा लहान संस्थांची संकेतस्थळे सांभाळण्याचे काम मी करतो. तिथले पदाधिकारी मला एक प्रश्न हमखास विचारतात: “आमची पाने मोजकीच आहेत. मग गिट, रिपॉझिटरी, आपोआप डिप्लॉय हा एवढा पसारा कशाला? पूर्वीसारख्या फाइली एफटीपीने सर्व्हरवर चढवल्या तर काय बिघडतं?” (गिट म्हणजे फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन, रिपॉझिटरी म्हणजे त्या नोंदींसह फाइलींचा साठा, डिप्लॉय म्हणजे पाने सर्व्हरवर प्रकाशित करणे आणि एफटीपी म्हणजे फाइली एका यंत्रावरून दुसऱ्यावर हाताने पाठवण्याची जुनी रीत.) हा सारा खटाटोप वेळ वाचवण्यासाठी असतो, असा विचारणाऱ्यांचा समज असतो. वेळ वाचतो हे खरे आहे, पण तेवढ्यासाठी मी कोणालाही या वाटेला लावले नसते. संकेतस्थळावर आज जे दिसते आहे ते कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिले, याचे उत्तर संस्थेला कोणत्याही दिवशी देता आले पाहिजे, एवढ्यासाठीच माझा आग्रह असतो.

हाताने फाइली चढवण्याच्या पद्धतीत हे उत्तर हळूहळू हरवत जाते. समजा, वाचनालयाची वेळ बदलली आणि घाई असल्यामुळे कोणीतरी थेट सर्व्हरवरच्या पानात दुरुस्ती केली. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कार्यकर्त्याने आपल्या लॅपटॉपवरचे जुने पान नव्या सूचनेसह चढवले, की ती दुरुस्ती पुसली जाते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. एक प्रत सर्व्हरवर, एक कार्यवाहांकडे, एक संस्था सोडून गेलेल्या स्वयंसेवकाकडे अशी स्थिती झाली, की मूळ प्रत कोणती हे सांगणे अशक्य होते. रिपॉझिटरीतून डिप्लॉय करण्याचा पहिला नियम असा आहे की मूळ प्रत तीच आणि सर्व्हरवर दिसते ते केवळ तिच्यापासून तयार झालेले. सर्व्हरवर कोणीही हात लावायचा नाही; तिथले सगळे पुसले गेले तरी काही मिनिटांत ते जसेच्या तसे पुन्हा उभे करता आले पाहिजे.

स्टॅटिक संकेतस्थळाला हे सहज साधते, कारण त्याच्या मागे डेटाबेस नसतो. तयार एचटीएमएल पाने, चित्रे आणि शैलीच्या फाइली एवढाच त्याचा संसार. लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नलसाठी (गाभ्यासाठी) गिट लिहिले. 2008 मध्ये गिटच्या रिपॉझिटरी ऑनलाइन ठेवणारी गिटहब ही सेवा सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रिपॉझिटरीतून थेट संकेतस्थळ प्रकाशित करणारी गिटहब पेजेस ही सोय आली. सुरुवातीला तिथे मजकुराची पाने बनवण्याचे काम जेकिल हे साधन करत असे. 2019 मध्ये ठरवून दिलेली कामे आपोआप पार पाडणारे गिटहब अ‍ॅक्शन्स सर्वांसाठी खुले झाल्यावर पाने बनवणारे ह्यूगोसारखे कोणतेही साधन वापरणे सोपे झाले. आज तुम्ही रिपॉझिटरीच्या मुख्य ब्रँचवर (शाखेवर) बदल पुश केला, म्हणजे पाठवला, की एक कोरे लिनक्स यंत्र काही क्षणांसाठी उभे राहते, रिपॉझिटरी उतरवून घेते, ठरवून दिलेल्या आवृत्तीचा ह्यूगो बसवते, पाने तयार करते, त्यांचा एकच गठ्ठा बांधून प्रकाशनासाठी सोपवते आणि नाहीसे होते.

यंत्र दर वेळी कोरे असते, याला मी फार महत्त्व देतो. तुमच्या लॅपटॉपवर आहे पण कमिट करायचे (गिटमध्ये नोंदवायचे) राहिले असे चित्र किंवा थीम त्याला सापडणारच नाही, आणि ती उणीव तिथल्या तिथे उघडी पडेल. बिल्ड, म्हणजे पाने तयार करण्याचे काम, फसला तर प्रकाशनाची पायरी येतच नाही, त्यामुळे वाचकांना कालचे संकेतस्थळ शाबूत दिसत राहते. एफटीपी मध्येच तुटल्यावर नवी पाने आणि जुनी शैली अशी जी अर्धवट अवस्था होते, ती इथे उद्भवत नाही.

मात्र काम यशस्वी झाल्याची हिरवी खूण दिसली म्हणजे सारे ठीक झाले असे समजू नये. ह्यूगो भविष्यातल्या तारखेचे पान मुळात तयारच करत नाही, आणि पानाच्या माथ्यावर दिलेल्या वेळेसोबत कालविभाग लिहिलेला नसेल तर ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) धरतो. म्हणून सकाळी 9.00 ही वेळ घालून आपल्याकडच्या 9.05 ला पुश केलेली सूचना प्रकाशित होत नाही, कारण ह्यूगोच्या हिशेबी ती दुपारी अडीचची असते. बिल्ड यशस्वी होतो, चूक झाल्याचा संदेश कुठेही येत नाही आणि पान मात्र दिसत नाही. कॉन्फिगरेशनमध्ये ‘एशिया/कोलकाता’ हा कालविभाग नोंदवला की हा प्रश्न मिटतो. याच्याच जोडीची दुसरी गोष्ट म्हणजे स्टॅटिक पानाला दिवस उलटल्याचे कळत नाही. झालेल्या व्याख्यानाची सूचना मुखपृष्ठावरून उतरायची असेल तर पुन्हा बिल्ड करावा लागतो. त्यासाठी रोज मध्यरात्रीचा बिल्ड लावताना यूटीसीप्रमाणे 18.30 ही वेळ द्यावी. सार्वजनिक रिपॉझिटरीत 60 दिवस काहीच हालचाल झाली नाही तर गिटहब असे वेळापत्रकावरचे काम आपोआप बंद करते, हेही ध्यानात ठेवावे.

मराठी फाइलनावांबद्दल माझे मत ठाम आहे: शीर्षक मराठीत असावे, फाइलचे नाव साध्या छोट्या रोमन अक्षरांत. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये एका संकेताने साठवता येतो, तसाच र आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही साठवता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही. मॅकवर दोन्ही नावांनी एकच फाइल उघडते, पण लिनक्स सर्व्हरच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली असतात आणि दुवा तुटतो. रोमन नावांतही लहान-मोठ्या अक्षरांची हीच गत होते. म्हणून बिल्डनंतर सगळे अंतर्गत दुवे तपासून घेणारी एक पायरी वर्कफ्लोमध्ये (आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांच्या यादीत) मी नेहमी घालतो.

ज्यांना स्वतःचाच सर्व्हर वापरायचा आहे, त्यांच्यासाठी गिटचा पोस्ट-रिसीव्ह हूक, म्हणजे सर्व्हरवर ठेवलेली छोटी आज्ञावली, पुरेसा आहे. पुश पोहोचताच तो चालतो आणि पाने बांधून वेबच्या फोल्डरात ठेवतो. फक्त त्या फोल्डरातच गिट पुल करण्याचा (रिपॉझिटरीतले बदल उतरवून घेण्याचा) सोपा मार्ग धरू नये, कारण सर्व्हरवर वेगळा बंदोबस्त केलेला नसेल तर गिटचे अंतर्गत फोल्डर जगाला उघडे राहते आणि त्यातून संपूर्ण इतिहास उतरवून घेता येतो. पासवर्ड किंवा किल्ली कधीच कमिट करू नये. पुढच्या कमिटमध्ये ती काढली तरी इतिहासात राहतेच, त्यामुळे अशी किल्ली तत्काळ रद्द करणे हाच उपाय उरतो.

ज्या संस्था हे सुरू करू इच्छितात त्यांना मी आधी एवढेच सांगतो की रिपॉझिटरी कोणा उत्साही कार्यकर्त्याच्या व्यक्तिगत खात्यावर उघडू नका. संस्थेच्या नावाचे खाते करा, त्यावर किमान दोघांना मालकीचे अधिकार द्या आणि डोमेनची नोंदणीही संस्थेच्याच ईमेलवर ठेवा. वर्कफ्लोची फाइल मी त्यानंतर एका बैठकीत लिहून देतो.