फॉर्ममध्ये नसलेला रकाना

गेल्या बुधवारी ऑपरेशन थिएटरात नव्या अल्ट्रासॉनिक हत्याराचा डेमो होता. कंपनीचा मुलगा सातलाच मशीन घेऊन हजर. पहिलं गॉलब्लॅडर, म्हणजे पित्ताशय काढायचं ऑपरेशन, सरांनी केलं. पातळ भिंतीचं, सोपं. "मस्त आहे, घेऊन टाकू," म्हणत ते चहाला गेले. दुसरं माझ्याकडे आलं. बाईंनी तीन आठवडे दुखणं अंगावर काढलेलं, ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशयाला घट्ट चिकटलेलं.

हत्यार देखणं, खोटं कशाला बोलू. ब्लेड सेकंदाला साधारण ५५,००० वेळा थरथरतं, त्या घर्षणानं रक्तवाहिनी मिटतेही आणि कापलीही जाते. नेहमीच्या विजेवर जाळणाऱ्या हूकसारखा काळा धूर नाही, नुसती वाफ. मूठ मात्र साडेसातचा ग्लोव्ह घालणाऱ्या पुरुषाच्या मापाची. मी सहाचा घालते. तासाभरात अंगठा बधिर.

पकडा, सोडवा, सील करा, कापा, सगळं एकाच टोकानं, मेरीलँड, म्हणजे चिकटलेलं सोडवायचा बाकदार चिमटा, मागायलाच नको, अशी जाहिरात. मीही मागितली नाही. चिकटलेला एक जाड पट्टा कापला आणि त्याच टोकानं ड्युओडेनम जरासं खाली लोटलं. टोक उचललं तर तिथे तांदळाएवढा पांढरा डाग.

"मॅडम, लॅटरल थर्मल स्प्रेड दोन मिलिमीटरसुद्धा नाही," मुलगा म्हणाला. म्हणजे कापताना बाजूला पसरणारी उष्णता. असेलही. पण हा स्प्रेड नव्हताच. थरथर थांबली तरी ब्लेड तापलेलं राहतं, हे मी वाचलेलं होतं. हाताला माहीत नव्हतं. पुढचा पट्टा कापल्यावर सिस्टरनी ते ओल्या गॉजला टेकवलं. चर्र.

"गॅस बंद केला म्हणून तव्याला लगेच हात लावतो का आपण?" सिस्टर म्हणाल्या. वीस वर्षं हत्यारं हातात देतायत. डेमोचा फॉर्म त्यांना कुणी देत नाही.

डागावर दोन टाके घेतले. उरलेलं काम मेरीलँड आणि हूकवर, सावकाश. पित्ताशयाची नळी आणि धमनी दोन्ही मोकळ्या दिसेपर्यंत त्या बंद करायची क्लिप मागितली नाही. बाई चौथ्या दिवशी चालत घरी गेल्या. डाग आणि टाके मी त्यांना सांगितले. ते हत्यार माझ्या हातात पहिल्यांदाच होतं, हे नाही सांगितलं.

फॉर्ममध्ये सील, धार, वाफ, पकड, प्रत्येकाला पाचपैकी गुण. निवायला किती वेळ लागतो, हा रकानाच नाही. मी समासात पेननं लिहिलं. सरांच्या फॉर्मवर सगळीकडे पाच.

सोमवारी बाई पोटावरचे टाके काढायला येतील.