दोन लाखांना एक इंजेक्शन

मुलाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार, असल्याचं कळलं तेव्हा तो आठ वर्षांचा होता. जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहायचा.

आम्ही गोव्यातल्या साखळी गावचे. देवीला प्रसाद, म्हणजे कौल लावला, तो उजवा आला, म्हणजे होकार. त्याच आठवड्यात एका नातेवाइकाने बाहेरगावच्या क्लिनिकचा नंबर दिला. स्टेम सेलची, म्हणजे मूळ पेशींची, तीन इंजेक्शनं, दोन लाखांना एक. संमतीपत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. चार पानं, सगळी इंग्रजीत. तिसऱ्या पानावर ‘फायद्याची खात्री नाही’ आणि लगेच खाली ‘भरलेले पैसे परत मिळणार नाहीत’.

‘‘अहो, ही संमती की पावती?’’ बायको म्हणाली.

बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात तो कागद डॉक्टर मॅडमना दाखवला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक काय? आणि पैसे कोण भरतंय? मग समजावलं: आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा रुग्णावरचा वापर हा प्रयोगच. तो मंजूर चाचणीतच करायचा, आणि प्रयोगाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत.

क्लिनिकला क्रमांक विचारला. ‘‘सर, हे ट्रायल नाही, ट्रीटमेंट आहे.’’ म्हणजे चाचणी म्हटलं तर पैसे घेता येत नाहीत, म्हणून उपचार म्हणायचं!

जीन थेरपीचंही, म्हणजे जनुकांवरच्या उपचाराचंही, विचारलं. अमेरिकेत या आजारावर २०२३ मध्ये एक मंजूर झाली, किंमत ३२ लाख डॉलर. पण २०२५ मध्ये ती घेतलेली, चालणं थांबलेली दोन मुलं यकृत निकामी होऊन गेली. मंजुरीनंतर ही गत, तर आमच्या चार पानांचं काय?

आई अजून म्हणते, करून बघायला काय हरकत होती? तिला काय बोलणार? सोनं गहाण ठेवायचा अर्ज मीच आणला होता.

मॅडमनी जाता जाता आणखी एक सांगितलं. खऱ्या चाचणीत सात ते बारा वर्षांच्या मुलालाही विचारावं लागतं, त्याची तोंडी संमती लागते. आणि तिथेच त्याच्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘तुला काय हवं रे?’’

‘‘आमचा वर्ग खाली आणा. जिने खूप आहेत.’’

सोमवारी शाळेत जाऊन हेडमास्तरांना भेटलो. जूनपासून वर्ग तळमजल्यावर आहे.