गिट्टीचं वय

दगडाचं वय कसं कळतं, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नागपुरात भूशास्त्र शिकवण्यात उमर गेली, पण निवृत्तीनंतरही हा प्रश्न पाठ सोडत नाही. परवा शेजाऱ्यांच्या बांधकामाची गिट्टी आमच्या फाटकापुढे पडली आणि त्यांनीही तोच विचारला: "सर, हा दगड साडेसहा कोटी वर्षांचा आहे, हे काय त्याच्यावर लिहून असते? का कार्बन लावून पाहता?"

कार्बन नाही. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे पन्नासेक हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही. शिवाय तो शोधायचा लाकडात, हाडात, म्हणजे कधीकाळी जिवंत असलेल्या वस्तूत. गिट्टी कधी जिवंत नव्हती.

ती बेसाल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याची. त्यात थोडं पोटॅशियम असतं आणि त्यातलं अगदी चिमूटभर पोटॅशियम-४०. हे १२५ कोटी वर्षांत निम्मं होतं. विघटन होणाऱ्या दहा अणूंपैकी साधारण नऊ कॅल्शियम होतात. त्यांचा उपयोग नाही, कारण या दगडात कॅल्शियम आधीच भरपूर. दहावा होतो आरगॉन, आणि आरगॉन हा वायू. लाव्हा वाहत असतो तोवर तो उडून जातो. लाव्हा थिजला की पुढे तयार होणारा आरगॉन आतच अडकतो. किती अडकला आणि किती पोटॅशियम शिल्लक आहे, यावरून वर्षं निघतात. दख्खनच्या लाव्ह्याची येतात सुमारे ६ कोटी ६० लाख.

फळ्यावर हे पाच मिनिटांत होतं. खरी कटकट दगड निवडण्यात. ढिगातले भुरकट, मुरमाकडे झुकलेले तुकडे घ्यायचे नाहीत. त्यांतून आरगॉन गळालेला असतो आणि दगड उगाच तरुण ठरतो. म्हणून आता दगड आधी अणुभट्टीत ठेवून त्यातल्या काही पोटॅशियमचं आरगॉन-३९ करतात, म्हणजे पोटॅशियमही वायूतूनच मोजता येतं, मग थोडा थोडा तापवत वायू काढतात. प्रत्येक टप्प्याला वय जुळलं तर विश्वास ठेवायचा, नाहीतर नमुना बाद.

यंत्रं नव्हती तेव्हाही लोकांना बरंच कळत होतं. इथलं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, त्या मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत १८५५ मध्ये नागपूरच्या दगडांवर निबंध छापला. इथे टाकळीला लाव्ह्याच्या थरांमध्ये गाळाचा थर सापडतो, त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख. म्हणजे लाव्हा आला, थंड झाला, त्यावर तळं साचलं, गोगलगायींच्या पिढ्या जगल्या-मेल्या आणि मग पुन्हा लाव्हा आला. आकडा एकही नाही, पण काय आधी आणि काय नंतर, यात शंकेला जागा नाही. मला विचाराल तर आरगॉनपेक्षा हा शंखच जास्त पटतो.

कामठीच्या रेतीच्या दगडात मात्र आरगॉन फसवतो. त्यातला कण न् कण कुठल्यातरी जुन्या डोंगराचा. जुन्या वाड्याच्या विटा काढून नवं घर बांधलं, तर विटेचं वय घराला कसं लावणार? तिथे कामी येतात ग्लॉसोप्टेरिसच्या पानांचे ठसे. ही झाडं सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी संपली. ठसा ज्या थरात, तो थर त्याआधीचा.

आणि हे आकडे डोक्यात कसे बसवायचे? पृथ्वीची ४५४ कोटी वर्षं समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरवर पसरा. नागपुरातून निघालात तर दख्खनचा लाव्हा शेवटच्या दहा किलोमीटरवर भेटतो. माणसाने लिहायला सुरुवात केली ती गाडीतून उतरायच्या आधीच्या एका पावलावर.

शेजाऱ्यांना मी ढिगातला एक खडा दिला. काळाकुट्ट, त्यात तांदळाएवढा पांढरा ठिपका. लाव्ह्यात वायूचा बुडबुडा राहिला होता. पुढे त्या पोकळीत पाणी झिरपून झिओलाइट नावाचं पांढरं खनिज जमलं.

खडा उलटापालटा करत ते म्हणाले, "मंग याचं वय कोणाचं धरा लागते? काळ्याचं का पांढऱ्याचं?"

"आता बरोबर विचारलं," म्हटलं, आणि त्यांना चहाला आत बोलावलं.