किल्ल्यांचं पान: 'पायऱ्या' अखेर सापडल्या

मंडळी, माझ्या किल्ल्यांच्या वेबपानावरचा गुंता सुटला! शोधपेटीत 'पायऱ्या' टाकून लिंक पाठवली की काहींना हरिहर किल्ला दिसायचा, काहींना कोरी यादी. 'त्र्यंबकेश्वर' तालुक्याची लिंक मात्र सगळीकडे बिनबोभाट, त्यामुळे माझा सगळा राग लिंकेतले शब्द वाचणाऱ्या यूआरएलसर्चपॅरम्सवर. तो बिचारा निर्दोष निघाला.

कन्सोलमध्ये लिंकेतला शब्द आणि डेटातला शब्द शेजारी ठेवले. दिसायला हुबेहूब, तुलना केली तर फॉल्स. मग अक्षरं सुटी करून कोडपॉइंट, म्हणजे प्रत्येक चिन्हाचे युनिकोड क्रमांक, छापले. डेटातला ऱ म्हणजे एकच कोड, ०९३१. शब्दाची लांबी ७. लिंकेत साधा र (०९३०) आणि मागे नुक्ता, म्हणजे खालचं टिंब (०९३सी), लांबी ८. दोन्हीकडे नॉर्मलाइझ लावलं, एनएफसी (सुटी चिन्हं जोडून एकच कोड करणारा प्रकार) सांगितलं, जुळलं. खुशीत चहा टाकला.

तेवढ्यात सिडकोतल्या मित्राची लिंक आली. लांबी तीच ८, पण नॉर्मलाइझ ढिम्म! त्याच्या कीबोर्डने र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, झेडडब्ल्यूजे (२००डी), घातला होता. एनएफसी त्याला हातच लावत नाही. सरसकट उडवावा तर रफार होऊन 'पायर्या' उरतं. म्हणून आधी 'र, हलन्त, झेडडब्ल्यूजे' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलन्त' आणि मग नॉर्मलाइझ. आता तिन्ही लिंका हरिहरवर पोचतात. मराठी कीबोर्ड बनवणाऱ्यांनी एकदा बसून हे ठरवून टाकावं, बुवा.

बाकी किरकोळ. एकाच वेळी दिंडोरी आणि बागलाण हे दोन तालुके निवडता येतात: आधीचं नाव पुसणाऱ्या सेटऐवजी भर घालणारं अपेंड, वाचताना सगळी नावं देणारं गेटऑल. टाइप करताना ब्राउझरच्या इतिहासात दरवेळी नवी नोंद करणारं पुशस्टेट काढून चालू नोंदच बदलणारं रिप्लेसस्टेट घातलं, त्यामुळे बॅक दाबल्यावर एकेक अक्षर मागे जायचा छळ संपला. क्वेरी स्ट्रिंगसाठी (लिंकेतल्या प्रश्नचिन्हामागच्या भागासाठी) वेगळी लायब्ररी लोक अजून का घेतात, देव जाणे. ब्राउझरमध्ये सगळं आयतं आहे.

पुढे शोधपेटीतल्या सूचना करणार होतो, पण हे लिहिताना 'त्र्यंबकेश्वर'ची लिंक मोजली. १३ कोडपॉइंट, प्रत्येकी ३ बाइट, लिंकेत प्रत्येक बाइटला टक्क्याच्या चिन्हासकट ३ अक्षरं: नुसत्या तालुक्याचे ११७! व्हॉट्सअॅपवर पाठवली की टक्क्यांचा पूर आल्यासारखी दिसते. तेव्हा सूचना नंतर. आधी तालुक्यांना आकडी कोड देतो, म्हणजे लिंकेत नुसता ७ किंवा १२ जाईल. मोकळा शोधशब्द तसाच राहील. तुमच्याकडच्या जुन्या लिंका मोडणार नाहीत: नाव आलं तर तेही वाचायचं आणि पान उघडताच पत्ता रिप्लेसस्टेटने आकड्यात बदलायचा.