बुधवारची कढई

बुधवार, रात्री साडेदहा

आज गोदाघाटावर बुधवारचा बाजार. ऑफिसातून थेट घरी यायचं असं पक्कं ठरवलं होतं, तरी रिक्षावाल्याला तिकडेच वळायला सांगितलं. थंडीतला हा बाजार मला सोडवत नाही. टणक ढोबळी मिरची, माती लागलेली गाजरं, मोडली की टचकन आवाज करणारी फरसबी, पातीचा कांदा. पिशवी भरून निघाले तेव्हा रात्रीचं जेवण ठरून गेलं होतं. रविवारी आणलेलं बीफ फ्रीजमध्ये होतंच. ते आणि ह्या भाज्या, मोठ्या आचेवर चायनीज पद्धतीनं परतून, सोबत भात. यांची सेकंड शिफ्ट, चिरंजीव क्लासवरून साडेआठला येणार, आईला आठ वाजता भूक लागते. असल्या दिवशी वाटण वाटून रस्सा करत बसणं माझ्याच्यानं होत नाही.

आता बीफ म्हणजे म्हशीचंच. गाय १९७६ च्या कायद्यापासून बंदच होती, २०१५ च्या मार्चपासून बैल आणि वळूही बंद झाले. आई नगरकडची. तिला लहानपणच्या बैलाच्या मटणाची चव अजून आठवते आणि ‘हे तसं नाही’ असं ती दर वेळी ऐकवते. तसं नाहीच ते. म्हशीचं मटण रंगानं काळपट लाल, आत चरबी कमी आणि धागा जाड. चरबी कमी म्हणून आचेवर थोडं जास्त राहिलं की कोरडं पडतं. त्यामुळे झटपट काही करायचं तर कुठला तुकडा आणला यावरच सगळं अवलंबून.

मला अंडरकट लागतो. पाठीच्या कण्याखालचा तो लांबट भाग, जनावर जो फारसा वापरतच नाही. जुन्या नाशकात आम्ही वर्षानुवर्षं ज्यांच्याकडून घेतो ते चाचा म्हणतात, ‘अंडरकट चाहिए तो शनिवारकोच बोलके रखने का.’ जनावरामागे तो निघतो थोडासाच आणि हॉटेलवाले सकाळीच उचलतात. म्हणून शनिवारी फोन आणि रविवारी उपासना आटोपली की पिशवी घेऊन तिकडे. घरी आणल्यावर लगेच शिजवत नाही. सकाळी कापलेलं मटण दुपारी ताठलेलं असतं. एक रात्र फ्रीजच्या खालच्या कप्प्यात राहिलं की सैल पडतं. मग अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पुड्या करून फ्रीजरमध्ये.

सकाळी ऑफिसला जाताना एक पुडी फ्रीजरमधून काढून खाली ठेवली होती. संध्याकाळी बाहेरून मऊ आणि मधे अजून जरा गोठलेली. कापायला ह्यापेक्षा चांगली अवस्था नाही, सुरीखाली मटण घसरत नाही आणि हव्या तितक्या पातळ पट्ट्या निघतात. धागे कुठल्या दिशेनं जातात ते आधी बघायचं आणि सुरी त्यांना आडवी चालवायची. उभी चालवली तर प्रत्येक घासात तो लांब धागा दातांनाच तोडावा लागतो. आडवी चालवली की धागा आधीच तोडलेला असतो, चावायला काही उरत नाही. माझ्या मते ह्या पदार्थातलं निम्मं काम इथेच संपतं. मोबाईलवरच्या व्हिडिओंत हा भाग दोन सेकंदांत उरकतात आणि मग कढईतल्या ज्वाळा मिनिटभर दाखवतात. ज्वाळा दिसायला छान असतात, दुसरं काय.

अर्धा किलो पट्ट्यांना पाव चमचा खायचा सोडा आणि दोन चमचे पाणी चोळून पंधरा मिनिटं ठेवलं. सोड्यामुळे मटणाचा वरचा थर आचेवर आवळून घट्ट होत नाही. जास्त वेळ ठेवलं किंवा सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते, म्हणून नंतर पाण्यानं धुऊन फडक्यानं चांगलं टिपून घेतलं. मग चमचाभर सोया सॉस, चमचाभर कॉर्नफ्लोअर, थोडं तेल, मिरी. कॉर्नफ्लोअरचा पातळ लेप आतला रस धरून ठेवतो. मूळ चिनी स्वयंपाकातली युक्ती आहे ही, आपल्या गाड्यांवरही चिकनला तोच लेप असतो. आई यासाठी कच्ची पपई लावते. तीही काम करते, पण पातळ पट्ट्यांना पपई जरा जास्त वेळ लागली तर त्यांचा लगदा होतो. मोठ्या तुकड्यांना ठीक.

सोडा मुरेपर्यंत भाज्या. गाजर आणि फरसबी तिरकी आणि पातळ, कारण त्यांना वेळ लागतो. ढोबळी मिरची चौकोनी, कोबी जाडसर. आणि कांदा! सध्या बाजारात लाल कांदा आहे, आणि नाशिकच्या माणसाला सांगायला नको की लाल कांद्याला पाणी फार. उन्हाळ कांदा चाळीत महिनोनमहिने टिकतो तो कोरडा असतो म्हणूनच. परतायला मला तोच आवडतो, पण जानेवारीत तो कुठून आणणार? म्हणून लाल कांद्याच्या पाकळ्या मोठ्या सुट्या केल्या आणि अगदी शेवटी घालायला बाजूला ठेवल्या. बारीक चिरून आधी घातला असता तर कढईत तळं झालं असतं.

हे पाणी सुटणं हाच खरा शत्रू. कढईत पाणी जमलं की आच कितीही मोठी असू दे, ते आटेपर्यंत उष्णता शंभर अंशांवर अडकून राहते. मटण मग भाजलं जात नाही, उकडतं. राखाडी होतं आणि तो खमंग वास येतच नाही. चायनीजच्या गाडीवर ती घोंघावणारी शेगडी असते, त्यांना हे परवडतं. आपल्या घरच्या गॅसमध्ये तेवढी ताकद नाही. उपाय एकच, थोडं थोडं टाकायचं. लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवली, शेंगदाण्याचं तेल, मूठभर पट्ट्या पसरून टाकल्या आणि हलवल्या नाहीत. हात शिवशिवतो, पण अर्धा-पाऊण मिनिट हलवायचं नाही. खालून रंग आला की उलटायच्या, आणखी तेवढाच वेळ, आतला लाल रंग गेला की ताटलीत काढायच्या. मग पुढची मूठ. पुढच्या मुठीआधी कढई पुन्हा तापू द्यायची, इथेच माणसाला घाई होते.

खिडकी सताड उघडी ठेवावी लागते, धूर होतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, ‘चायनीज का गं आज?’ म्हटलं, हो काकू. खोटं काय त्यात.

मटण निघाल्यावर त्याच कढईत ठेचलेला लसूण, आलं, उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या. ते जळायच्या आत गाजर आणि फरसबी. मग कोबी, ढोबळी, सगळ्यांत शेवटी कांदा. वाटीत सॉस आधीच कालवून ठेवला होता: दोन चमचे सोया, एक चमचा व्हिनेगर, चिमूटभर साखर, अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर, पाव वाटी पाणी. मटण परत कढईत, सॉस ढवळून वरून ओतला, चकाकी आली की गॅस बंद. वरून कांद्याची पात. वेगळं मीठ घातलं नाही, सोया पुरतो. कढई तापल्यापासून दहा-बारा मिनिटं. त्याआधीची तयारी पाऊण तासाची, हे मात्र ‘झटपट’ म्हणणाऱ्या कुणी सांगत नाही. तरी तो पाऊण तास मला जड जात नाही. दिवसभर आकड्यांशी भांडून आल्यावर फरसबी तिरकी कापत राहणं बरं वाटतं. कुणी मधे बोललं नाही तर आणखी बरं.

आई मधे बोलली. स्टूल ओढून ओट्याशी बसली होती. ‘एवढ्यात शिजलं? कुकर नाही लावलास?’

तिचं चुकतं असंही नाही. तिनं जन्मभर पायाचं, मानेचं मटण शिजवलं. जनावर ज्या अवयवांनी राबतं तिथे धाग्यांमध्ये पांढरे चिवट पडदे असतात. ते वितळून रस्सा चिकट व्हायला मंद आचेवर दोन-तीन तास तरी लागतात, नाहीतर कुकर. ते मटण मी आजच्यासारखं दोन मिनिटं परतलं असतं तर चपलेचा तळवा झाला असता. आणि अंडरकट तिच्या कुकरात घातला तर भुसा होईल. एवढं तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एक पट्टी बोटांनी दाबून पाहिली. मग तोंडात टाकली.

‘मऊ आहे,’ म्हणाली. ‘पण रस्सा कुठंय?’

भाकरी बाजरीची होती तिच्यासाठी. भाकरीला लावायला काही ओलं हवं, हे तिचं म्हणणं मला मान्य. कढईच्या तळाशी राहिलेला सॉस तिच्या ताटात ओढला, थोडं गरम पाणी घालून. खाल्लं तिनं, दोनदा घेतलं. चिरंजीवांनी भातावर डोंगर रचला, गाजरं कडेला काढून ठेवली आणि ‘मम्मी, उद्या डब्याला दे ना’ म्हणाला. नको म्हटलं. थंड झाल्यावर भाज्या पाणी सोडतात, कॉर्नफ्लोअरचा लेप गिळगिळीत होतो. हे खरं कारण आहे. डब्यात काय आहे असं वर्गात कुणी विचारलं तर, हे दुसरं कारण. ते मी त्याला सांगितलं नाही. दहावीतला मुलगा आहे, त्याला ते न सांगताच कळलं असावं. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

यांचा वाटा कच्चाच ठेवलाय. लेप लावलेल्या पट्ट्या एका डब्यात, भाज्या दुसऱ्यात, सॉस वाटीत. बारा वाजता येतील आणि स्वतःच परततील. मला उठवू नका असं सांगितलंय. गेल्या वेळी मी झोपेतून उठून बघते तर हे कढईसमोर उभे, एका हातात झारा आणि दुसऱ्या हातात मोबाईल, मित्राला व्हिडिओवर दाखवत होते. ज्वाळा आणायच्या होत्या त्यांना.

झोपताना आई म्हणाली, ‘शनिवारी चाचांना फोन करशील तेव्हा नळ्या पण सांग. रविवारी मी करते. तू कांदा तेवढा भाजून दे.’

सांगते म्हटलं.