आमची वाटचाल: वीस हिरव्या माद्या

बजी या छोट्या पोपटाला जळगावात अजूनही लव्हबर्ड म्हणतात, खरं तर तो पक्षी वेगळा. दुकानाची पाटी रंगवताना मीही तेच लिहिलं, गिऱ्हाइकाशी भांडत कोण बसणार?

२००९ साली गच्चीवर सहा जोड्या आणि घरट्यासाठी कुंभाराकडची मडकी, एवढ्यावर सुरुवात केली. मडकं पारखूनच घ्यावं. तळ सपाट असला की अंडी विखुरतात, पिल्लांचे पाय फाकतात. तळ खोलगट हवा, तोंड मुठीएवढं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा प्लायवूडच्या पेटीपेक्षा मला तरी मडकंच बरं वाटतं.

मग २०१३ उजाडलं. पिवळ्या, लाल डोळ्यांच्या लुटिनोला मागणी होती आणि दोन दुकानदारांची आगाऊ रक्कम मी घेऊन बसलो होतो. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्यानं वीस हिरव्या माद्या दाखवल्या. म्हणाला, "सगळ्या स्प्लिट लुटिनो, रंग आत आहे." स्प्लिट म्हणजे दिसायला हिरवा, पण दुसऱ्या रंगाचा गुण आत लपलेला. बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून उचलल्या आणि घरच्या हिरव्या नरांना लावल्या. त्या नरांनाही तो स्प्लिटच म्हणाला होता, नुसतं बघून! निळ्याचा हिशेब मला पाठ होता: स्प्लिट गुणिले स्प्लिट, चारात सरासरी एक निळं. तोच पिवळ्याला लावला.

लुटिनो पिल्लाचा डोळा उघडायच्या आधीच कातडीआडून लाल दिसतो. रोज रात्री बॅटरी घेऊन मडक्यात डोकवायचो. दोन खेपांत ११८ पिल्लं झाली, सगळ्यांचे डोळे काळे. आगाऊ रक्कम परत करावी लागली. तोच व्यापारी वर गावभर सांगत सुटला की याच्याकडे रंगच येत नाही.

अमळनेरचे एक निवृत्त रेल्वे गार्ड माझं पहिलं गिऱ्हाईक. अंड्याअंड्याची तारीख, पक्ष्याच्या पायातल्या कडीचा नंबर, सगळं वहीत. माझी वही चाळून ते हसले. "आरे भाऊ, लुटिनोमा मादी कधी स्प्लिट ऱ्हास का?" म्हणजे, असते का?

मग कागदावर काढून दाखवलं. पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. लुटिनोचा गुण झेडवर बसतो, निळ्याचा बसत नाही. मादीकडे झेडच एक, म्हणून ती एकतर पिवळी, नाहीतर नाही. लपवायला तिच्याकडे जागाच नाही. लुटिनोचा स्प्लिट असतो तो नर.

गार्डसाहेबांनी दोन लुटिनो नर उसने दिले, एक पैसा न घेता. त्याच हिरव्या माद्यांना लावले. अंड्याला अठरा दिवस, आणि पुढच्या आठवड्यात मडक्यात लाल डोळे. मुली झाडून पिवळ्या, मुलगे दिसायला हिरवे पण खरे स्प्लिट. दीड वर्षानं पाटल्या सुटल्या. पुढची वर्षं बरी गेली, कुलर दोनाचे पाच झाले.

नवीन मुलांना सांगतो: स्प्लिट हा शब्द ऐकला की आई-बापाच्या कडीचे नंबर मागा. नाक निळं नाही म्हणून लुटिनोला मादी समजू नका, त्या नराचं नाक गुलाबीसरच राहतं. आणि चारात एक म्हणजे प्रत्येक मडक्यात एक नव्हे. पाच अंड्यांत एकही निळं न निघणं रोजचंच आहे.

मागच्या दिवाळीत त्या व्यापाऱ्याचा फोन आला. स्प्लिट लुटिनो माद्या आहेत का विचारत होता. म्हटलं, वीस होत्या, तुमच्याकडूनच नेल्या होत्या. पावती अजून गल्ल्यात आहे.